बर्फातल्या माळावरचे पक्षी

मंडळी, कॅनडातल्या आपल्या सस्कॅटूनला डिसेंबरात सूर्य नऊनंतर उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. पारा उणे तिसाखाली गेला की आपण मराठी माणसं दारं लावून घेतो आणि एप्रिलची वाट बघत बसतो. मीही पहिले दोन हिवाळे तसेच काढले. आज मनापासून सांगते, प्रेअरीवरचे, म्हणजे इथल्या गवताळ माळावरचे, पक्षी बघायला हिवाळ्यासारखा काळ नाही. उन्हाळ्यात इथे एवढी गर्दी असते, की एकाकडे धड बघून होत नाही. जानेवारीत अख्ख्या सकाळी चार-पाचच जाती दिसतील, पण प्रत्येकीपाशी हवं तेवढं थांबता येतं.

शहराबाहेरचा ग्रिड रोड धरा. १८७१ साली सुरू झालेल्या मोजणीनं इथली जमीन मैलामैलाच्या चौकोनांत आखली, म्हणून रस्ते फूटपट्टीनं ओढल्यासारखे सरळ. विजेचे खांब निरखत गाडी हळू चालवा. खांबाच्या टोकावरच्या बर्फाच्या गोळ्यानं मान वळवली, तर ते हिमघुबड! आर्क्टिकमध्ये उन्हाळ्यात रात्रच होत नाही, त्यामुळे त्याला दिवसाउजेडी शिकारीची सवय असते. पांढराशुभ्र दिसला तर बहुधा मोठा नर. अंगावर काळसर पट्टे असतील तर मादी किंवा लहान वयाचं पाखरू. त्याची नजर मात्र खाली असते. बर्फाच्या थराखाली जमिनीलगत थोडी मोकळी जागा राहते. वर उणे तीस असलं तरी तिथलं तापमान शून्याच्या आसपास टिकतं. तिथे व्होल, म्हणजे आखूड शेपटीचे उंदीर, बोगदे करून हिवाळाभर फिरत असतात.

गाडीतून उतरू नका. गाडीला घुबड फारसं बिचकत नाही, पण चालत येणारा माणूस दिसला की उडतं, आणि या थंडीत विनाकारण उडणं त्याला महागात पडतं. फोटोसाठी काही जण त्याच्यापुढे पाळीव उंदीर सोडतात. मला याचा संताप येतो. रस्त्याकडेला उंदीर मिळतात हे एकदा कळलं, की ते घुबड गाड्यांच्या वाटेत येऊ लागतं.

आता चालायचं ते झाडांच्या आडोशानं. तिथे काळ्या टोपीची चिकडी भेटते. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम! ती रात्री शरीराचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरवते, आणि शरद ऋतूत सालीच्या फटींत एकेक करून लपवलेल्या बिया हिवाळ्यात आठवणीनं शोधून काढते. उघड्या रानात शार्पटेल ग्राउज, हा कोंबडीच्या जातकुळीतला आपल्या सस्कॅचेवान प्रांताचा अधिकृत पक्षी, मऊ बर्फात सूर मारून आतच झोपतो. तुम्ही निवांत चाललेले असता आणि पायाजवळचा बर्फ फुटून तो फडफडत बाहेर पडतो. छातीत धस्स होतं!

व्होलची पैदास चांगली असेल त्या वर्षी आखूड कानांचं घुबडही इथे हिवाळ्याला थांबतं. संध्याकाळी गवताच्या अगदी जवळून, तरंगत गेल्यासारखं उडतं. मंडळी, पुणे-सोलापूरकडच्या माळांवर थंडीत उत्तरेकडून येतं ना, तीच ही जात. मी ते गावाकडे पाहिलं होतं. इथे ते पुन्हा दिसलं तेव्हा दुर्बीण खाली ठेवून नुसती बघत राहिले.

येत्या रविवारी सकाळी साडेनऊला निघू. मोजे लोकरीचे घाला, सुती नकोत. थर्मासमध्ये चहा मी आणते.