ओहोटीवर जगणारा हंस

मंडळी, तुम्ही खाडीकाठची माणसं. उधाणाची भरती कधी आणि भांगाची कधी, हे तुम्हाला पंचांग न उघडता कळतं. त्यामुळे आजच्या पक्ष्याचं वेळापत्रक तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. हा आहे ब्रेंट हंस. तो आपल्याकडे येत नाही. हिवाळ्यात उजनीला, जायकवाडीला दिसतो तो पट्टकदंब, हिमालय ओलांडून येणारा. ब्रेंट त्याचा दूरचा भाऊबंद. घरटं उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात, आणि एरवीचा मुक्काम खाड्यांमध्ये.

अंगाने लहानखुरा, वजन दीड किलोच्या आसपास. डोकं आणि मान काळी, गळ्याशी पांढऱ्या रेघा. खाण्यासाठी तो बुडी मारत नाही. शेपूट वर करून मान पोचेल तेवढंच खातो. म्हणजे ओहोटी लागली की पंगत बसते आणि भरती चढली की उठते. खाणं खारं, पाणीही खारं. अंगात गेलेलं जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी गाळतात आणि ते नाकपुड्यांवाटे ठिबकून जातं.

त्याचं आवडतं अन्न म्हणजे ईलग्रास हे समुद्री गवत. हे शेवाळ नव्हे, खरंखुरं फुलणारं झाड आहे. ते पाण्याखाली फुलतं, त्याचे परागही पाण्यातूनच वाहत जातात. एका पक्ष्याने एका गवतावर इतका जीव लावावा, याची किंमत 1931च्या सुमारास कळली. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर या गवताच्या पानांवर काळे डाग पडू लागले. लॅबिरिन्थुला नावाच्या सूक्ष्मजीवाचा हा रोग. दोन-तीन वर्षांत तिथलं सुमारे 90 टक्के ईलग्रास गेलं आणि पाठोपाठ ब्रेंटचे थवे ओसरले. जे तगले ते समुद्री शेवाळावर तगले. ब्रिटनमध्ये 1954 साली कायद्याने शिकार थांबली, गवतही हळूहळू परतलं, आणि 1970च्या दशकात संख्या इतकी वाढली की थवे बांध ओलांडून गव्हाच्या कोवळ्या शेतांत उतरू लागले. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. पण 1930च्या दशकात उपासमारीने मेलेल्या थव्यांचे हे वंशज आहेत, हे मला विसरता येत नाही.

आता अलास्काकडे चला. तिथे इझेम्बेक नावाचं खारं सरोवर आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या ईलग्रास-कुरणांपैकी एक. पॅसिफिककडचे जवळपास सगळे ब्रेंट शरद ऋतूत इथे जमतात. काही आठवडे नुसतं खाणं. अंगावर चरबीचे थर चढतात. मग एखाद्या संध्याकाळी वादळाच्या मागचे वायव्येचे वारे सुटतात आणि हजारोंचे थवे एकदमच उठतात. खाली महासागर. सुमारे 5000 किलोमीटर, अडीच-तीन दिवस न थांबता, थेट मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या खाड्यांपर्यंत. पोचेतो वजन एक तृतीयांशाने उतरलेलं असतं. आणि तिथे उतरल्यावर पुन्हा ईलग्रासच!

गेल्या काही दशकांत मात्र हजारो ब्रेंट ही उड्डाणाची वेळ टाळून अलास्कातच हिवाळा काढू लागले आहेत. तिथला हिवाळा पूर्वीपेक्षा सौम्य झालाय. मला याचा आनंद होत नाही, काळजी वाटते. कारण एखाद्या वर्षी कडाक्याची थंडी पडली, सरोवराच्या उथळ भागावर बर्फ धरलं, तर गवत त्याखाली कोंडलं जातं.

शेवटी लेमिंगबद्दल सांगतो. सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पात या उंदरासारख्या प्राण्याची संख्या तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने चढते-उतरते. लेमिंग भरपूर असले की ध्रुवीय कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात. ते कमी झाले की कोल्हा हंसांच्या अंड्यांकडे वळतो. ब्रेंटच्या त्या वर्षीच्या पिल्लांच्या पंखांवर फिकट पट्टे असतात, मोठ्यांच्या पंखांवर नसतात. त्यामुळे हिवाळ्यात इंग्लंडच्या एखाद्या खाडीकाठी दुर्बीण घेऊन उभं राहायचं आणि ओहोटीत चरणाऱ्या थव्यात पट्टेवाले किती ते मोजायचे. हजारो किलोमीटर पलीकडे, तैमिरला यंदा कोल्ह्याने काय खाल्लं, त्याचा अंदाज तिथे चिखलात उभ्या उभ्या येतो.