बेचाळीस अंशांवरचा अतिशीत द्रव

नमस्कार. आज सोलापुरात पारा ४२ अंशांवर आहे आणि माझ्यासमोरच्या चंचुपात्रातला हा द्रवही तेवढाच गरम आहे. तरीही तो अतिशीत आहे. अतिशीतनाचा थंडीशी संबंध नसतो. गोठणबिंदूच्या खाली येऊनही जो पदार्थ द्रवच राहतो, तो अतिशीत. पात्रात सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट आहे, ते सुमारे ५८ अंशांना घट्ट व्हायला हवे होते; म्हणजे ते आत्ता १६ अंशांनी अतिशीत आहे.

मग ते गोठत का नाही? द्रवात रेणूंचे पुंजके सतत जुळतात आणि विस्कटतात. पुंजका लहान असतो तोवर त्याचा पृष्ठभाग घडवायला लागणारी ऊर्जा ही घनरूप होताना सुटणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त भरते, म्हणून तो विरघळून जातो; ठरावीक आकार गाठला तरच तो टिकतो. तापमान जितके खाली जाईल, तितका हा आकार लहान होतो. धूळ नसलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहतात, ते यामुळेच.

आता याच पदार्थाचा एक कण मी आत सोडतो. पाहा, कणापासून चहूबाजूंनी सुयांसारखे स्फटिक पसरत आहेत आणि पात्र हाताला चटका देऊ लागले आहे. सुटलेली उष्णता तापमान वर नेते, पण ५८ अंशांच्या पुढे नाही, कारण तिथे स्फटिकाची वाढच थांबते. उरलेला द्रव उष्णता बाहेर जाईल तसा सावकाश गोठतो.

आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत पॅनवर, म्हणजे पाक आटवण्याच्या भांड्यावर, काम करणारे लोक हेच शास्त्र रोज हाताळतात, आणि मला ते कौशल्य फार मोलाचे वाटते. पाक बेताचा अतिसंपृक्त, म्हणजे विरघळू शकते त्याहून जास्त साखर असलेला, ठेवून त्यात बारीक साखरेचे बीज सोडले, तर साखर त्याच दाण्यांवर चढते आणि दाणा टपोरा होतो. मर्यादा ओलांडली, तर असंख्य नवे कण एकदम जन्मतात. हा ‘फॉल्स ग्रेन’ सेंट्रिफ्यूगलमध्ये, म्हणजे गरागरा फिरून साखरेपासून मळी वेगळी करणाऱ्या यंत्रात, मळीची वाट अडवतो.

घट्ट आटवलेला पाक झपाट्याने थंड केला, तर मात्र तो इतका चिकट होतो की रेणूंना रचना लावायला सवडच मिळत नाही, आणि काचेसारखी पारदर्शक गोळी तयार होते. ती दमट हवेत उघडी ठेवली, तर पाणी शोषून तिचे रेणू हलू लागतात आणि वरच्या थरावर साखरेचे बारीक स्फटिक धरतात.