चारशे दहाची नळी

या बंदुकीच्या नळीत शिसपेन्सिल सहज जाते, पण करंगळी अडते. नळीचा आतला व्यास ०.४१० इंच, म्हणजे जेमतेम साडेदहा मिलिमीटर आहे, आणि निफाड तालुक्यातल्या या घरात तिला 'चारशे दहा' असेच म्हणतात. परवाना आजोबांच्या नावावर आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, मग परत येते आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात उभी राहते. आज ती अंगणात आली आहे, ती केवळ साफसफाईसाठी.

आजोबा खिट्टी सरकवून बंदूक मधोमध उघडतात, गजाच्या टोकाला तेलाची चिंधी गुंडाळतात आणि गज एका दमात आरपार नेतात. नळी उजेडाकडे धरली की आतून आरशासारखी गुळगुळीत दिसते. रायफलीच्या नळीत एकाच गोळीला फिरकी देण्यासाठी आटे पाडलेले असतात. छऱ्याच्या बंदुकीला त्यांची गरज नसते, कारण तिच्यातून एक गोळी नव्हे, तर छऱ्यांचा मूठभर मेळा सुटतो.

बोर हा शब्द आपण नेहमी ऐकतो, पण त्यामागचा हिशेब फार थोड्यांना माहीत असतो. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाचे सारखे १२ गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा बोर. २८ गोळे केले तर अठ्ठावीस बोर. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. चारशे दहाला हाच हिशेब लावला, तर ती सदुसष्टच्या आसपास जाते, परंतु तिची ओळख बोराने नव्हे, थेट इंचातल्या मापानेच रूढ झाली.

आता आजोबा आगपेटीतून काही जुने छर्रे स्टीलच्या ताटलीत ओततात. ते सहा नंबरचे, जवळपास बाजरीच्या दाण्याएवढे आहेत. चारशे दहाच्या आखूड काडतुसात असे सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे १३५च्या आसपास छर्रे मावतात, तर बारा बोराच्या नेहमीच्या काडतुसात ते तीनशेच्या आसपास असतात. या फरकाचा अर्थ समजावून सांगण्यासाठी आजोबांनी जे केले, ते आम्ही पूर्ण दाखवत आहोत, कारण या चित्रीकरणातला सर्वांत मोलाचा भाग आम्हांला तोच वाटतो.

सारवलेल्या अंगणात त्यांनी सुतळी आणि खडूने पाऊण मीटर व्यासाचे वर्तुळ आखले. सुनेकडून बाजरी मागवून १३५ दाणे मोजले आणि वर्तुळात पसरले. मध्यभागी लावा या लहान पक्ष्याच्या मापाचा मातीचा गोळा ठेवला. पंचवीस पावलांवरून बार काढला तर दाणे असे दाट पडतात, असे सांगून त्यांनी ते आत ओढले. चाळीस पावलांवर काय होते, ते दाखवायला दाणे हातानेच बाहेर सारले. वर्तुळात जागोजागी मोकळे अंगण दिसू लागले. गोळ्याजवळ एकच दाणा उरला. त्या दाण्यावर बोट ठेवून आजोबा म्हणाले, "हा लागलेला लावा पडत नाही. उडून जातो, आणि दोन दिवसांनी बांधाखाली मरतो."

म्हणूनच पंखावरचे ठिपके सुटे दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही, असा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. नळी एकच असल्यामुळे दुसऱ्या बाराची सोय नव्हती आणि जवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. जवळ जायचे, तर पहाटे ओरडणारा तितर कोणत्या बांधाकडे उतरेल, लावा पायाखालून नेमका कधी फडफडेल, पाणलावा उठताच कसा वेडावाकडा वळेल आणि ससा नांगरटीत कोणत्या ढेकळाआड दबून बसेल, हे आधी कळावे लागे. निफाड, सिन्नर, येवला या भागांत हे जाणणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत, आणि त्यांच्या तोंडून ते लिहून घेण्याचे काम तातडीने व्हायला हवे, असे आम्हांला कळकळीने वाटते. पक्ष्यांचा अभ्यासही एके काळी बंदुकीच्या सोबतीनेच चालत असे. संग्रहालयांसाठी लहान पक्षी जमवणारे अभ्यासक हीच बारीक नळी आणि पिठासारखे बारीक छर्रे वापरत, कारण त्याने पिसे कमी फाटत. आणि पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींना पक्ष्यांची गोडी लागली ती लहानपणी छऱ्याच्या हवाई बंदुकीने मारलेल्या, पिवळ्या कंठाच्या एका चिमणीमुळे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली, १९९१च्या दुरुस्तीने परवाना काढून छोटी शिकार करण्याची वाटही बंद झाली, आणि अभयारण्यातील शिकारीला आज ३ ते ७ वर्षांची कैद आहे. पाणथळीत पडलेल्या छऱ्यांचे शिसे मात्र चिखलात तसेच राहते आणि बदके ते खडे समजून गिळतात.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा नांदूर मधमेश्वरचा हा बंधारा इंग्रजांच्या काळातला आहे. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, बेटे तयार झाली, पाणकणसे माजली आणि उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना हिवाळी मुक्काम मिळाला. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले; जानेवारी २०२०मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची घोषणा झाली. तलवार बदके, थापट्या, हळदीकुंकू बदके आणि काळ्याभोर वारकऱ्यांचे थवे आपण पाहत आहात ते चापडगावच्या बाजूने, सकाळी सात वाजता.

(येथे निवेदन नाही. पाणकणसांतून उठणारा थवा, वीस सेकंद.)

आजोबा इथल्या पक्षी पाहण्याच्या मनोऱ्यावर पहिल्यांदाच चढले आहेत. दुर्बीण त्यांनी नको म्हटली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ते पाण्याच्या कडेला चरणाऱ्या थापट्याच्या जोडीकडे बोट दाखवतात आणि शेजारी उभ्या असलेल्या नातीला अंतर सांगतात : नव्वद पावले.