छत्री न मिळालेला पक्षी

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे नाताळच्या जुन्या टीव्ही-कार्टूनमधल्या कंटिन्युइटीच्या चुका, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी किंवा गोष्टीशी न जुळणं. त्या कशा ओळखायच्या, त्याची रीत सांगायचं मी कबूल केलंय. सांगतो. पण आधी त्या पक्ष्याचं बोलू द्या, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’, रँकिन-बास कंपनीचं, बाहुल्या हलवून केलेलं काम. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर 6 डिसेंबर 1964 ला पहिल्यांदा दाखवलं. इथल्या बहुतेकांनी पाहिलंय, ज्यांनी नाही त्यांना अमेरिकेतली नातवंडं दाखवतील. चुकांची सुरुवात अगदी नावांच्या पाटीपासून होते. रोमन आकड्यांत 1964 लिहायचं तर एम-सी-एम-एल-एक्स-आय-व्ही. पाटीवर मधला एम गाळलाय, म्हणजे सन झाला 1164. ज्ञानेश्वरी 1290 ची, तेव्हा आपला हा लाल नाकाचा रेनडिअर ज्ञानेश्वरीपेक्षा सव्वाशे वर्षांनी थोरला. (हशा.) हसा, पण दरवर्षी लाखो लोक ती पाटी बघतात आणि एकाच्याही नजरेला खटकत नाही, हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

तर पक्षी. गोष्टीत एक बेट आहे, बिघडलेल्या, नकोशा खेळण्यांचं. चौकोनी चाकांची आगगाडी, जेली उडवणारी पिचकारी, शहामृगावर बसलेला काउबॉय, पाण्यात बुडणारी नाव, आणि पोहणारा पण उडता न येणारा पक्षी. रुडॉल्फ त्यांना शब्द देतो की सांताला सांगून तुम्हाला घरं मिळवून देईन. 1964 च्या मूळ प्रसारणात मात्र सांता त्यांना घ्यायला जातच नाही. गोष्ट संपते, खेळणी बेटावरच. पोरांनी पत्रं लिहिली: खेळण्यांचं काय झालं? कंटिन्युइटीची सगळ्यात मोठी चूक ही. नायकानं दिलेला शब्द पटकथेनंच खाल्ला.

मग 1965 च्या प्रसारणासाठी दुरुस्ती झाली. सांता बेटावर उतरतो आणि खेळणी घेतो, असा नवा प्रसंग चित्रित केला. शेवटच्या श्रेयनामावलीत सांताच्या गाडीतला एल्फ, म्हणजे त्याचा बुटका मदतनीस, एकेका खेळण्याला छत्री देऊन खाली सोडतो. आगगाडीला छत्री, हत्तीला छत्री. पक्ष्याची पाळी येते तेव्हा त्याला तसाच खाली टाकतो, छत्रीबित्री काही नाही. पक्षी आहे, उडेल की! अहो, पण उडता येत नाही म्हणून तर तो त्या बेटावर होता! चूक सुधारायला घेतलेल्या प्रसंगात तिच्याहून क्रूर चूक. तो कुठे पडला ते कुणी दाखवलेलं नाही.

एवढ्यावर भागत नाही. नवा प्रसंग घालायचा तर वेळ हवा, आणि तासाचा स्लॉट ताणता येत नाही. म्हणून दुसरीकडे कात्री लागली. युकॉन कॉर्नेलियस आठवतो ना, तो खाण शोधत फिरणारा दाढीवाला? टिकाव हवेत भिरकावतो, बर्फात रुतला की काढतो, पातं चाटतो आणि म्हणतो, काहीच नाही. तो सोन्याचांदीच्या नावानं ओरडतो, पण सोनं चाटून कोण ओळखतं? मूळ आवृत्तीत शेवटी उलगडा होता. तो परत एकदा टिकाव चाटतो आणि त्याला सापडतं पेपरमिंट! म्हणजे गडी सगळा वेळ पेपरमिंटची खाण शोधत होता. तोच प्रसंग कापला. त्यामुळे कित्येक वर्षं पोरांना वाटत राहिलं की या माणसाला लोखंड चाटायची खोडच आहे. पुढे घरी बघायच्या आवृत्त्यांत तो तुकडा परत आला, तोवर ज्यांनी ते बघून बालपण घालवलं होतं त्यांच्या हातात नातवंडं आली होती.

माझं म्हणणं एवढंच. आपण चूक दिसली की चित्रकाराला धरतो. पण जिला आपण कंटिन्युइटीची चूक म्हणतो, ती बऱ्याचदा त्याच्या टेबलावर झालेलीच नसते. ती नंतरच्या कात्रीची असते.

चित्रकाराच्या चुका नसतात असं नाही. रुडॉल्फच्या बाहुल्या जपानी अ‍ॅनिमेटर तादाहितो मोचिनागांच्या टोकियोतल्या स्टुडिओत हलल्या, आवाज टोरांटोत ध्वनिमुद्रित झाले, निर्माते न्यूयॉर्कचे. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 1440. प्रत्येकीत बाहुलीचा हात केसभर हलवायचा. सुईच्या टोकाचा एक मापक बाहुलीच्या नाकाला टेकवून ठेवायचा, नाक सुईपासून किती सरकलं ते बघायचं. सेटला कोपर लागलं, दिवा बदलला, चहाला उठून आल्यावर टोपीचा कोन बदलला, की जर्क आलाच. आणि तेव्हा लगेच बघायला मॉनिटर नव्हता. फिल्म धुऊन आल्यावर कळायचं, आणि तेवढ्यासाठी शॉट परत कोण घेणार?

सपाट, म्हणजे हातानं काढलेल्या चित्रांच्या कार्टूनचा रोग निराळा. ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’, सीबीएस, 9 डिसेंबर 1965. जी वस्तू हलणार ती पारदर्शक सेलवर, स्थिर असेल ती मागच्या रंगवलेल्या पार्श्वभूमीवर. दोन फ्रेमला एक चित्र धरलं, तरी 25 मिनिटांना 18,000 चित्रं. तीच वस्तू एका शॉटमध्ये एकाच्या हातची, पुढच्यात दुसऱ्याच्या. चार्ली ब्राउन नाताळसाठी आणतो त्या केविलवाण्या झाडाच्या फांद्या मोजून बघा. शेवटी तर पोरांनी भोवती हात फिरवले आणि झाड घसघशीत झालं. मी त्याला चूक म्हणत नाही, तो प्रेमाचा हिशोब आहे. (हशा.)

सुरुवातीला मात्र कात्री आहे. चार्ली ब्राउनचा कुत्रा स्नूपी त्याच्या मित्राचं, लायनसचं, पांघरूण दातात धरून दोघा पोरांना गरगर फिरवतो. चार्ली ब्राउन झाडावर आदळतो. लायनस? उडाला तो उडालाच. मूळ प्रसारणात तो प्रायोजक कोका-कोलाच्या फलकावर आपटत होता. पुढे फलक काढला, त्याबरोबर आपटणंही गेलं. उरला हवेत गेलेला मुलगा.

पाच मिनिटं राहिली अशी चिठ्ठी आली आहे. रीत भराभर सांगतो.

पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. नजर फक्त हातांवर आणि हातातल्या वस्तूंवर ठेवा. प्रत्येक शॉटची शेवटची फ्रेम आणि पुढच्याची पहिली, दोन्ही थांबवून वहीत टिपा. डावा-उजवा हात, टोपी, मफलरचं टोक.

मग फक्त आवाज ऐका. चित्र उडी मारतं पण संगीत अखंड वाहतंय, तर चूक मूळ कामातली. दोन्ही उडी मारतात, तर नंतरची कात्री. 16 मि.मी.ची जुनी प्रिंट असेल तर आणखी सोपं. तिच्यात आवाजाची पट्टी चित्रापेक्षा 26 फ्रेम पुढे छापलेली असते. म्हणून तयार प्रिंट मधूनच कापून चिकटवली की आधी चित्र उडतं आणि सेकंदाहून किंचित उशिरा आवाज. ही खूण हटकून सापडते.

तिसरी गोष्ट: रंग बदलला, फिल्मचा दाणा (चित्रातले बारीक ठिपके) बदलला, त्याच पात्राचा आवाज वेगळा वाटला, तर तुकडा नंतर घातलेला किंवा आवाज नंतर बदललेला. ‘फ्रॉस्टी द स्नोमॅन’मध्ये, 1969 साली, कॅरन नावाच्या मुलीला पहिल्या प्रसारणात जून फोरे यांचा आवाज होता, नंतरच्या आवृत्तीत दुसऱ्याच मुलीचा. फोरेबाईंचा आवाज शिक्षिकेच्या पात्राला मात्र राहिला.

प्रोजेक्टरवर क्लिप लावली आहे. दिवे घालवा कुणीतरी. कात्री लागलेली आवृत्ती आहे, लायनस उडतो तिथपासून बघा, आणि आवाजाकडे कान ठेवा.