मनगटावरची मंजिरी

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्या आजीच्या हातावर, कोपराच्या खाली, तुळस गोंदलेली होती. ती तुळस आहे हे आजी सांगायची म्हणून आम्हाला कळायचं. मला आठवतं तेव्हापासून तिथं हिरवट-निळा, कडा विरलेला एक ठसाच होता. लहानपणी गावच्या जत्रेत गोंदणारणीनं तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधून, दिव्याच्या काजळीत पाल्याचा रस कालवून ती टोचली होती. दागिने इथंच राहतात, वर सोबत येतं ते गोंदण, असं आजी म्हणायची.

गेल्या महिन्यात, वयाच्या ४६ व्या वर्षी, मी पहिल्यांदा टॅटू काढून घेतला. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तुळशीची मंजिरी. मला ती अगदी नाजूक हवी होती, दीड सेंटिमीटरची, केसासारख्या रेघेची, वर बारीक बारीक ठिपक्यांची. चित्र पाहून टॅटू काढणारी मुलगी म्हणाली, "ताई, आज हे छान दिसेल. पण काही वर्षांनी ठिपके एकमेकांना चिकटतील. आकार दुप्पट करू या, नाहीतर ठिपके कमी करू या." मला आजीचा हात आठवला. मी लगेच हो म्हटलं.

असं का होतं, ते तिच्याकडून समजून घेतलं. आपल्या त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो. टॅटूची शाई त्याच्या खालच्या थरात जाते, एक ते दोन मिलिमीटर खोल. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण परके समजून गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. एक पेशी मेली की तिचे कण दुसरी गिळते. म्हणून टॅटू टिकतो, आणि म्हणूनच वर्षांमागून वर्षं रेघ हळूहळू रुंदावते. जाड रेघ थोडी पसरली तर कोणाच्या लक्षात येत नाही. बारीक रेघेला मात्र ते लपवता येत नाही. सुई उथळ गेली तर रेघ तुटक होते, पुसट होते; खोल गेली तर शाई आत फुटून सावली धरते. तेव्हा लहान टॅटू म्हणजे सोपं काम, कुणाकडूनही करून घ्यावं, असं कृपा करून समजू नका. उलट हात पारखूनच जा. ताज्या टॅटूचे फोटो सगळेच दाखवतात, तुम्ही दोन-तीन वर्षं जुन्या टॅटूचे मागा. आणि बोटांवर किंवा तळहाताच्या कडेला काढायचं मनात असेल तर पुन्हा विचार करा, तिथली रेघ फार लवकर उडते.

सुईचं सीलबंद पाकीट तिनं माझ्यासमोर फोडलं. शाई छोट्या टोपणात वेगळी काढून घेतली, उरलेली नंतर फेकून दिली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण जत्रेत आजही एकाच सुईनं आणि एकाच शाईनं अनेकांना गोंदलेलं मी पाहिलं आहे. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या वाटेनं पसरू शकतात. तिथं पोराबाळांचे हात पुढे होताना पाहिले की माझा जीव कासावीस होतो.

आणखी एक. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. म्हणून मी आधी रक्त देऊन आले आणि मग टॅटूची वेळ घेतली.

दुखलं का? दुखलं. कागदावरचा जांभळा ठसा मनगटावर उमटला, मशीन गुणगुणायला लागलं आणि तापल्या नखानं कुणीतरी ओरखडा काढावा तसं वाटलं. शिरेजवळ डोळ्यांत पाणी आलं. वीस मिनिटांत काम झालं. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पेटंट घेतलं १८९१ साली, एडिसनच्या विजेच्या पेनवरून. आजीचा जन्म त्याच्या कितीतरी नंतरचा, तरी तिच्या वाट्याला दोऱ्यात बांधलेल्या सुयाच आल्या. केवढं सोसलं असेल त्या पोरीनं!

घरी आल्यावर सौम्य साबणानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलमाचा पातळ हात फिरवायचा. चौथ्या दिवशी बारीक खपल्या धरल्या आणि अशी खाज सुटली की रात्री हाताला रुमाल गुंडाळून झोपले. खपली नखानं काढली तर रंग तिच्याबरोबर निघून येतो. दोन-तीन आठवडे पोहणं नाही, ऊन नाही, हात पाण्यात भिजत ठेवणं नाही.

आईला मी आधी काही सांगितलं नव्हतं. तिनं चष्मा लावून माझं मनगट उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं. "आईच्या हातावर होती ती तुळस," एवढंच म्हणाली. मग पदर खोचून उठली. "भिजवायचा नाही म्हणतेस ना हात? सर, भांडी मी घासते."