कपाळाचा आकडा आणि अंगातला ताप

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ताप-तपासणीचं गणित’. गणिताकडे मी येणारच आहे. पण आधी जून 2020 मधली एक गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही.

करोनाची टाळेबंदी सैल होत होती. पाऊस यायच्या आधीचा नागपूरचा जून कसा असतो, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. आमच्या शेजारच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या एक बाई अडीच महिन्यांनी पहिल्यांदा कामावर आल्या. फाटकावर सॅनिटायझर, वही आणि चौकीदाराच्या हातात थर्मल गन. बाई पाऊण तास उन्हात चालत आलेल्या. पदर मागे सारून त्यांनी कपाळ पुढे केलं. आकडा आला 100.9. झालं! सेक्रेटरींना फोन गेला, वहीत लाल शाईने नोंद झाली, ‘चौदा दिवस यायचं नाही.’

मी कुंपणापाशीच उभा होतो. बाईंना आमच्या कडुनिंबाखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं. वीस मिनिटांनी चौकीदाराकडून तीच गन मागून आणली, तर 97.6! घरातला थर्मामीटर जिभेखाली ठेवायला दिला, 98.4. मी ते आकडे घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, ‘सर, पण वहीत लिहिलं गेलंय.’ बाईंचे चौदा दिवसांचे पैसे बुडाले. अडीच महिने हातात दमडी नव्हती, त्यावर हे आणखी चौदा दिवस. मला आजही त्याचा राग येतो.

मी ती वही मागून घेतली आणि चाळली. सकाळच्या नोंदी बघा: 94.1, 93.8, 94.6. अहो, शरीराचं आतलं तापमान 95 फॅरनहाइटच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात! म्हणजे वहीवर विश्वास ठेवायचा, तर निम्मी सोसायटी ब्लँकेटात गुंडाळून दवाखान्यात न्यायला हवी होती. (हशा) हसताय, पण विचार करा. 94 दिसल्यावर कुणी गन तपासली नाही, 100.9 दिसल्यावर मात्र बाईंना तपासलं. चौकीदाराला मी बोल लावत नाही. त्याच्या हातात यंत्र दिलं, ते कसं वापरायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

हे यंत्र करतं काय? 1800 साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून निघालेल्या रंगांच्या पट्ट्यात थर्मामीटर ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. हे न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण तुमच्या-आमच्या त्वचेतून सतत बाहेर पडत असतात आणि गन ते फक्त गोळा करते. ती काहीही सोडत नाही. गनमुळे मेंदूला इजा होते ही तेव्हाची अफवा खोटी होती, पण तिच्यापायी लोक मनगट पुढे करायला लागले आणि उरलीसुरली अचूकताही गेली. त्वचेचा रंग काळा की गोरा, याने या किरणांत सांगण्यासारखा फरक पडत नाही. घाम, ऊन, वारा, केस, अंतर यांनी मात्र पडतो.

मुख्य मुद्दा असा की कपाळाची त्वचा साधारण 33 ते 35 अंश सेल्सिअस असते. यंत्र त्यात स्वतःचा अंदाज मिळवून तोंडातल्या तापमानासारखा आकडा दाखवतं. प्रयोगशाळेत, कृष्ण पदार्थासमोर, म्हणजे नेमक्या माहीत असलेल्या तापमानाला ठेवलेल्या काळ्या वस्तूसमोर, चांगलं यंत्र 0.3 अंशाच्या आत बरोबर येतं. पण फाटकावर येतो तो कृष्ण पदार्थ नव्हे, उन्हातून आलेला माणूस! आपल्या आया कपाळावर थांबत नसत. मानेखाली, पोटाला हात लावून बघत. कपाळ म्हणजे घराची बाहेरची भिंत, चूल पेटलीय का हे भिंतीवरून ठरवू नये हे त्या जाणत होत्या.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. तेव्हा गणित भरभर सांगतो.

समजा, दहा हजार माणसं फाटकातून आली आणि त्यांतली दहा बाधित आहेत. बाधितांपैकी त्या घटकेला ताप असलेले समजा तीन, कारण काहींना ताप येतच नाही आणि काही पॅरासिटामॉल घेऊन निघालेले असतात. यंत्राने त्यांतले दोन पकडले. आता निरोगी माणसांत ते शंभरात दोनदाच चुकतं असं धरा. अडवले जातील सुमारे दोनशे निरोगी! दोनशे दोन अडवले, त्यांत खरे दोन, आणि आठ बाधित आत गेले. यंत्र आणखी महाग घेतलंत तरी ज्यांना ताप नाही ते सात सुटणारच.

2003 मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीच्या वेळी कॅनडाने विमानतळांवर सुमारे 65 लाख प्रवासी तपासले. सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. जिथे ही गन असेल तिथे सावलीत एक बाक ठेवा. आकडा जास्त आला तर माणसाला पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाणी द्या, घाम पुसा, जिभेखाली किंवा काखेत थर्मामीटर लावा. खोकला आहे का, घरी कुणी आजारी आहे का, हे विचारा. आणि ते होईपर्यंत वहीत काही लिहू नका.