आधी हवा, मग गन

(इंदूरमधील एका मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ज्यांच्या घरी जुनी स्कूटर ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी हात वर करा बरं. बघा, पंधरा-वीस तरी आहेत. आणि काकू, काकांनी ओढून खाली केलेला तुमचा हातही मी मोजलाय. म्हणजे मी योग्य ठिकाणी आलोय.

घरी गाडीचे भाग रंगवायला स्प्रे गन आणि कंप्रेसर कसा निवडायचा, असा आजचा विषय. मी तो उलट्या क्रमाने मांडणार आहे, आधी कंप्रेसर आणि मग गन. हा क्रम चुकल्यामुळे माझ्या वडिलांच्या चेतकचं उजवं पॅनल मला तीनदा खरवडावं लागलं, त्याची हकिगत आधी सांगतो.

मी पीथमपूरला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये नोकरी केली. तिथे भिंतीतून पाइप यायचा, कॉक फिरवला की हवा. कोरडी, थंड आणि दिवसभर एकाच दाबाची. ती कुठून येते हे बघायला मी त्या सगळ्या वर्षांत एकदाही कंप्रेसर रूममध्ये गेलो नाही. रंग, व्हिस्कॉसिटी, गनचा हात, सगळं येत होतं. हवा मात्र गृहीत धरलेली.

निवृत्तीनंतर चेतक काढली. तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल, नंबर लागायला वर्षं जायची त्या काळातली. पूर्ण पत्र्याची बॉडी, रंगवायला यासारखं सुख नाही. बाजारात गेलो, एका दुकानात ‘पूर्ण सेट’ मिळाला. एक एचपीचा कंप्रेसर, पंचवीस लिटरची टाकी, सोबत एचव्हीएलपी गन, म्हणजे कमी दाबाची पण भरपूर हवा मागणारी. मी विचारलं, ही गन यावर चालेल ना? उत्तर आलं, “अंकल, इतने में तो पूरा स्कूटर रंग जाएगा.”

पॅनल घासून, प्राइमर मारून तयार होतं. बेस कोट, म्हणजे मूळ रंगाचा थर, सुरू केला. पहिले तीन-चार हात, म्हणजे गनच्या फेऱ्या, असे सुंदर पडले की मी बायकोला बघायला हाक मारली. ती पदराला हात पुसत बाहेर येईपर्यंत गनचा आवाज बदलला होता. फवारा जाड झाला, थेंब पडायला लागले, पॅनलच्या खालच्या अर्ध्या भागावर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा उठला. थांबलो, टाकी भरू दिली, पुन्हा मारलं. आता हवेबरोबर पाणी आलं. भाद्रपद होता. खरवडलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

दुकानात गेलो. त्यांनी गन बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, हाथ बैठा नहीं होगा अभी. मंडळी, याच कामावर माझी हयात गेली आहे. हाताचा दोष मी ओळखतो. ओघळ आला तर तो हाताचा. पण दर चाळीस सेकंदांनी फवाऱ्याने मान टाकायची, हा हाताचा दोष नाही. मी पैसे परत मागितले नाहीत, एकच मागितलं: या गनला मिनिटाला किती हवा लागते आणि हा कंप्रेसर किती देतो, एवढे दोन आकडे कागदावर लिहून द्या. ते त्यांना देता आले नाहीत. राग मला त्याचा आहे. या दोन आकड्यांशिवाय ही जोडी विकता येते आणि आपण विकत घेतो. आजही पेटीवर मोठ्या अक्षरात एचपी आणि लिटर छापलेले असतात.

आता ते चाळीस सेकंद कुठून आले ते बघा. हवा सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. एक सीएफएम म्हणजे सुमारे 28 लिटर. माझी एचव्हीएलपी गन मागायची दहा, म्हणजे 280 लिटर. एक एचपीचा कंप्रेसर कामाच्या दाबाला खरोखर देतो तीन-साडेतीन, म्हणजे फार तर शंभर. दर मिनिटाला 180 लिटरची तूट. ती टाकीतून भरायची. पंचवीस लिटरची टाकी आठ बारवरून तीन बारपर्यंत उतरली (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब) की तिने पंचवीस गुणिले पाच, म्हणजे 125 लिटर हवा दिली. 125 ला 180 ने भागा. चाळीस-बेचाळीस सेकंद.

टाकी मोठी घेऊ, असं तुमच्यातल्या कोणाच्या तरी मनात आलंच असेल. अहो, आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. गच्चीवर दुप्पट टाकी बसवली म्हणून नळाला दुप्पट पाणी येतं का? टाकी साठवते, आणत नाही. आणतो तो पंप. पन्नास लिटरची घेतलीत तर चाळीसाची ऐंशी सेकंद होतील, पण रिकामी झालेली टाकी भरायलाही दुप्पट वेळ लागेल. तोवर रंगाची ओली कड, जिच्यात पुढचा हात मिसळायचा, ती सुकलेली.

आणखी एक फसगत सांगतो. पेटीवर सीएफएम लिहिलेला असला तरी तो बहुतेक वेळा डिस्प्लेसमेंटचा असतो, म्हणजे पिस्टनने ओढलेली हवा. आपल्याला हवी ती बाहेर पडणारी, तिला एफएडी म्हणतात आणि ती बरीच कमी भरते. दुकानात ‘एफएडी किती, आणि कोणत्या दाबाला?’ एवढंच विचारा.

जरा बाजूला जातो, पण हे मी गाळणार नाही. ही स्प्रे गन मुळात एका डॉक्टरच्या घरातून आली. अमेरिकेत टोलेडो गावचे डॉक्टर डेव्हिलबिस कान-नाक-घशाच्या रोग्यांसाठी औषध फवारायचं यंत्र बनवायचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यांच्या मुलाने तेच तत्त्व रंगाला लावलं. घशात औषध खोल जावं म्हणून द्रवाचे इतके बारीक कण करायचे, हे या यंत्राचं जन्माचं काम आहे. रंगाचंही ते तेच करतं, आणि घसा आपलाच असतो.

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, आणि क्लिअर, म्हणजे वरचा चकचकीत पारदर्शक थर, यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळ इथून चार तासांवर आहे, 1984 मी तुम्हाला सांगायला नको. तिथला वायू होता मिथाइल आयसोसायनेट. हार्डनरमधलं रसायन वेगळं आहे, तसं उडून जाणारं नाही, पण कूळ तेच. गनने त्याचे कण केले की ते फुप्फुसात जातं, कायमचा दमा जडू शकतो, आणि धोक्याच्या पातळीला वासही येत नाही. रुमाल बांधून, कापडी मास्क लावून काही होत नाही. त्यासाठी बाहेरून ताजी हवा देणारा मास्क लागतो. म्हणून माझं ठाम मत आहे, टू-के घरी मारायचंच नाही. बेसपर्यंत घरी करा, क्लिअरला बूथ, म्हणजे रंगकामाची बंदिस्त खोली, असलेल्या गॅरेजमध्ये द्या. पेट्रोलची टाकी तर द्याच, कारण एनसी, म्हणजे हार्डनरशिवाय नुसत्या थिनरवर मारायचा नायट्रोसेल्युलोज रंग, पेट्रोलपुढे टिकत नाही. आणि साध्या एनसीलाही ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा मास्क हवा, दारं-खिडक्या उघड्या हव्यात, कंप्रेसर खोलीबाहेर हवा. थिनरची वाफ आणि मोटरची ठिणगी एका खोलीत नकोत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. आता भरभर सांगतो, लिहून घ्या.

आधी काय रंगवणार ते ठरवा. आरसे, मडगार्ड, हेल्मेट, स्कूटरची पॅनल्स एवढंच असेल तर एक-दीड एचपी पुरे, पण गन छोटी घ्या. टचअपची, सव्वाशे मिलीलिटरचा कप, नोझल 0.8 किंवा 1.0 मिलिमीटर. दोन एचपीत सहा-सात सीएफएम खरे मिळत असतील तर एलव्हीएलपी, म्हणजे कमी हवेत भागणारी गन, नोझल 1.3, कप वर असलेली. चेतक शेवटी मी याच जोडीवर केली. मोटारीचं बॉनेट करायचंय? मनात मोजा: दहा-दहा सेंटिमीटर सरकत तेरा हात, प्रत्येक हाताला चार सेकंद, म्हणजे जवळजवळ मिनिटभर ट्रिगर दाबलेला. एचव्हीएलपीला त्यासाठी तीन एचपी तरी लागेल. ती मोटर घरच्या वायरिंगवर सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. एचव्हीएलपीत रंग कमी उडतो, वाया कमी जातो, हे खरंच आहे. पण पुरेशी हवा नसेल तर हा गुण कागदावरच राहतो.

बेस-क्लिअरला 1.3 किंवा 1.4. जाड प्राइमरला 1.8, नाहीतर नोझल बुजतं. दाब गनपाशी मोजा, आणि ट्रिगर दाबून मोजा. दाबल्यावर काटा खाली येतो. नळी सहा मिलिमीटरची नको, आठ-दहाची घ्या.

आणि पाणी. कंप्रेसरमधून हवा गरम निघते, म्हणून त्याच्या तोंडाशी लावलेल्या फिल्टरमध्ये पाणी सापडत नाही, वाफ होऊन पुढे जातं. सहा-सात मीटर नळी जाऊ द्या, हवा निवू द्या, मग फिल्टर लावा. काम संपलं की टाकीच्या पोटाखालचा कॉक उघडा. बाहेर व्हरांड्यात मी माझा कंप्रेसर आणून ठेवलाय, आठवडाभर मुद्दाम कॉक उघडलेला नाही. चहाआधी या तिकडे, खाली भांडं ठेवून किती पाणी निघतं ते दाखवतो.